सुनेच्या खिडकीवरचं पाणी

“काच वली व्हती म्हनता. पर कुठल्या अंगानं वली? आतल्या, का भाएरल्या?”

समशुबाबांनी एवढं विचारलं आणि ते स्टोव्हची पिन शोधायला लागले.

गोळे गुरुजी इतके तापले की त्यांना खोकल्याची उबळच आली.

“ओली ती ओली! तिला अंग कसलं आलंय? रोज पहाटे सुनेच्या खिडकीची काच ओली असते. मी स्वतः पाहतोय. एकोणचाळीस दिवस.”

“हात लावून बगितलं?”

“हात कसा लावीन? पुराव्याला हात लावायचा नसतो.”

बाबांनी मान हलवली. पटल्यासारखी. पण बाबांची मान कशालाही हलते, तिच्यावर मी कधी विसंबत नाही.

मी गेनू. तीन गावांची डाक माझ्याकडे. आमचं गाव घाटमाथ्यावर. खाली उतरायला लागलं की पहिल्याच वळणावर बाबांचा तकिया. तकिया म्हणजे फकिराची मातीची एक खोली, पुढे एक जुनी कबर आणि तिच्यावर वाकलेलं जांभळीचं झाड. अकराची एसटी तिथे हात केला की थांबते. मी डाकेची पिशवी कंडक्टरकडे देतो आणि परत फिरतो. गाडी येईपर्यंत बाबांच्या हातचा चहा.

लोक म्हणायचे, बाबा पोचलेले आहेत. कुठे पोचलेत ते मला कधी दिसलं नाही. मी चहासाठी जायचो.

गुरुजी मात्र तिथे दिसावेत, हे आक्रीत होतं. हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मी त्यांच्याच हाताखाली सातवीत दोनदा बसलो. तकियाला ते ‘अंधश्रद्धेचं दुकान’ म्हणायचे, आणि तेही वर्गात, मोठ्याने.

आज ते आले होते. अंगावर तपकिरी शाल, डोक्याला माकडटोपी, हातात एक लांब पाकीट. पाकिटावर मुलाचा पत्ता. संपत गोळे, फौजेत, दूर उत्तरेला बर्फातल्या चौकीवर. गावात तेव्हा फोन नव्हता. त्या चौकीपर्यंत काय पोचायचं ते पत्रानेच.

पाकीट चिकटवलेलं नव्हतं.

“एक जागा कोरी आहे,” गुरुजी म्हणाले. “तेवढ्यासाठी आलो. लोक म्हणतात, तुम्ही चोराचं नाव सांगता.”

“लोक कायबी म्हनत्यात.”

“मलाही तसंच वाटतं. पण आता माझ्यापुढे दुसरा इलाज नाही.”

त्यांनी दोन पानं बाहेर काढली. चष्मा पुसला. पहिलं पान वाचलं. आवाज तोच, वर्गातला.

“‘चि. संपत यास आशीर्वाद. कळवण्यास दुःख होते की, तुझ्या पत्नीच्या खिडकीशी रोज पहाटे एक माणूस येऊन उभा राहतो. परसाचे फाटक त्याला आवाज न करता उघडता येते. तो बराच वेळ तिथे थांबतो. तिला हे ठाऊक आहे. तरी तिने मला एका शब्दाने सांगितलेले नाही. त्या माणसाचे नाव...’”

ते थांबले.

“इथे कोरं आहे.”

“आन् दुसरं पान?”

“दुसऱ्या पानावर निर्णय आहे. तिला उद्या मी माहेरी पोचवतो. तू तिला पुन्हा नांदवायचं नाही.”

स्टोव्ह भडकला आणि मग निळा झाला. बाबांनी त्यावर पातेलं ठेवलं.

सून म्हणजे कुंदा. कुंदाला मी चार वर्षं ओळखत होतो. संपतचं पत्र घेऊन गेलो की दारातच भेटायची. आधी मला पाणी द्यायची आणि मग पत्र घ्यायची. पत्रासाठी जीव टांगलेला असायचा, तरी आधी पाणी.

“आन् नाव न्हाई घावलं तर?” बाबांनी विचारलं.

“तर ‘अज्ञात इसम’ लिहीन. पण पत्र आजच्या गाडीने जाणार.”

मग गुरुजी एकदम माझ्याकडे वळले.

“गेनू, परवा तिने तुझ्याकडे काय दिलं?”

“पत्र, गुरुजी. आंतर्देशीय.”

“कुणाला?”

“संपतलाच. पत्ता त्याचाच हुता.”

“पत्ता त्याचा. आत काय होतं?”

“आत काय ते मला कसं कळंल? चिकटवलेलं हुतं.”

“बघा,” गुरुजी बाबांना म्हणाले. “चिकटवलेलं होतं.”

खरं सांगतो, त्या वेळी माझ्याही मनात पाल चुकचुकली. कारण परवा पत्र देताना ती सारखी मागे घराकडे बघत होती. ‘गेनूभाऊजी, हे लवकर पोचंल न्हवं?’ असं तिने दोनदा विचारलं होतं. मी ते गुरुजींना सांगितलं नाही. पण मनात म्हटलं... आग असल्याशिवाय धूर कसा निघंल?

चार वर्षं तिच्या हातचं पाणी प्यालो आणि असा विचार केला. त्याची मला आजही लाज वाटते.

“समदं सांगा,” बाबा म्हणाले. “पयल्यापासनं.”

गुरुजींना हेच हवं होतं. त्यांनी बोटं पुढे केली. फळ्यावर मुद्दे लिहितात तसे.

“संपतने दोन वर्षांमागे तिच्या खोलीला काचेची खिडकी बसवली. आधी फळ्यांची होती, बोटबोट फटी. काच आली तरी ही बाई खिडकी किलकिली ठेवून झोपायची. घरात तरुण पुरुष नाही. खिडकी उघडी. मला ते खटकलं.”

“मग?”

“दसऱ्यापासून मी पहाटे परसात जाऊन नजर ठेवायला लागलो.”

“बरं.”

“दिवाळीला तिने काय केलं? खिडकी घट्ट लावून घेतली, आणि वरच्या झरोक्यात गोणपाट कोंबलं. का? आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.”

“आवाज आइकला काय?”

“नाही ना! गोणपाट कोंबल्यावर कसा येईल?”

मी चहाच्या कपाकडे बघत बसलो. कप रिकामाच होता.

“थंडी वाढली आणि काच ओली दिसायला लागली. दाट, पांढरी. आतलं काही दिसत नाही. आणि त्या ओल्या काचेच्या मधोमध, तळहाताएवढं एक गोल पुसलेलं. रोज ताजं.”

“कुनी पुसलं?”

“तेच तर विचारायला आलोय! कुणीतरी बाहेर उभं राहून काचेवर तोंड टेकतं. त्याच्या श्वासाने काच ओली होते. मग आत बघायला तो मधलं पुसतो. साधा तर्क आहे.”

“तुमी कदी बगितला त्येला?”

“माझ्या आधी येऊन जातो. मी चारला उठायला लागलो, तर तो त्याच्याही आधी. हुशार आहे.”

“आन् सूनबाई?”

“पूर्वी गुणगुणायची सकाळी. आता गप्प असते. डोळे सुजलेले. पदर सावरून, मागे बघत बघत वावरते. मन खात असणार.”

गुरुजींनी खिशातून सुतळीचा एक तुकडा काढला. त्याला एक गाठ होती.

“हे शेवटचं. खिडकीखाली ओल्या मातीत पावलं उमटलीत. मी मोजून घेतलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, या गाठीपर्यंत. सापडला की पाय मोजायचा. वाद नको.”

ते सुतळी अशी धरून होते की जणू तिला हातकड्याच घातल्या होत्या.

बाबांनी सुतळीकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मग पातेल्यात अजून पाणी ओतलं. तिघांच्या चहाला लागतं त्याच्या चौपट.

“तिच्या खोलीत जाऊन बगितलं न्हाई?”

“काय बोलता!” गुरुजी ताठ झाले. “सुनेच्या खोलीचा उंबरा मी ओलांडलेला नाही. लग्नाला चार वर्षं झाली. आमच्या घरची रीत आहे ती.”

“चांगली रीत हाय.”

बाबांनी पातेलं स्टोव्हवर नीट सरकवलं.

“गुरुजी, मी अडानी मानूस. येक इचारू? गार पानी भरलेला प्याला ठिवला, तर त्येच्या भाएरल्या अंगाला थेंब धरत्यात. प्याला तर गळत न्हाई. मग ते पानी येतं कुठनं?”

गुरुजी हसले. त्या सकाळी पहिल्यांदा.

“हे सहावीच्या पोराला येतं. हवेत वाफ असते. दिसत नाही, पण असते. ती गार पृष्ठभागाला लागली की तिचं पाणी होतं. पाणी प्याल्यातून येत नाही, हवेतून येतं.”

“हवेत वाफ कुठनं येती?”

“श्वासातून. पाणी उकळलं की त्यातून. ओले कपडे वाळताना त्यातून. हवा खेळती असली की ती निघून जाते. कोंडली की बसते गार काचेवर.”

“असं हाय व्हय...”

“तीस वर्षं शिकवलंय मी हे.”

“तुमची कपडे कुठं वाळत्यात, गुरुजी?”

“त्याचा काय संबंध? पौषात आमच्या परसात ऊन येत नाही. सुनेच्या खोलीत दोरी बांधली आहे. माझी धोतरं दमट राहिली की मला सांधे धरतात, म्हणून ती रात्रभर तिथे टाकते.”

“आन् ह्यो खोकला?”

“दमा आहे. पहाटे वाफारा घ्यावा लागतो. ती उठून मोठं भांडं ठेवते चुलीवर. स्वयंपाकघर आणि तिची खोली यांच्यात नुसता पडदा आहे.”

“मग तिच्या खिडकीवरचं पानी?”

गुरुजींनी एक क्षण बाबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

“ते वेगळं आहे,” ते म्हणाले.

मी सातवीत नापास झालेला माणूस. पण त्या क्षणी मला सुद्धा वाटलं की हे काही फार वेगळं नाही. बोललो नाही. हेडमास्तरांसमोर माझी जीभ अजूनही टाळूला चिकटते.

“बरं,” बाबा उठले. “आपुन नाव काढू या.”

त्यांनी खोलीतली खिडकी ओढून घेतली. ती खिडकी काचेची, एका बंगल्याच्या मोडीतली, कुणीतरी दिलेली. बाबा ती बारा महिने सताड उघडी ठेवायचे. आज कडी घातली. दारावरच्या भोकात गोणपाटाचा बोळा कोंबला. बादलीतली ओली कफनी पिळली न पिळली अशी दोरीवर टाकली. पातेल्यावरचं झाकण काढलं.

“हा काय प्रकार?” गुरुजींनी विचारलं.

“नावाला येळ लागतो. तुमी बसा. डाकवाले, तुमीबी. मी कबरीवर ऊद घालून येतो... गुरुजी, भाएर लई गारठा हाय. तुमची शाल देता? आन् ती टोपी?”

गुरुजींनी नाखुशीनेच दिली. बाबांनी शाल पांघरली, टोपी कानाखाली ओढली, आणि दार ओढून घेत बाहेर गेले.

आम्ही दोघे उरलो. आणि पातेलं.

“ढोंगी आहे,” गुरुजी पुटपुटले. “ऊद घालतोय म्हणे.”

“व्हय,” मी म्हणालो. मलाही तेच वाटत होतं. शिवाय अकराची गाडी चुकेल याची धास्ती.

पाणी खळखळायला लागलं. खोली गरम झाली, जड झाली. गुरुजी बोलत राहिले. गावात कोण कोण संशयित आहे ते सांगत राहिले. दूधवाला. पिठाच्या गिरणीवाल्याचा भाऊ. नवा ग्रामसेवक. भजनातला पेटीवाला, कारण तो पहाटे उठतो. प्रत्येकाचं काही ना काही त्यांनी हेरून ठेवलं होतं. मधेच माझ्याकडे त्यांनी असं निरखून पाहिलं की मी पाय आत घेतले.

“तू किती वाजता उठतोस रे, गेनू?”

“सहाला, गुरुजी. आईशप्पत.”

बाबांचा पत्ता नव्हता.

आणि मग बाहेर पाचोळा वाजला.

गुरुजी बोलायचे थांबले.

पुन्हा वाजला. एक पाऊल. थांबलं. अजून एक... भिंतीला लागून. खिडकीच्या बाजूने.

“बाबा?” गुरुजींनी हाक मारली.



मी खिडकीकडे पाहिलं. मघाशी तिच्यातून जांभूळ दिसत होतं. आता काही दिसत नव्हतं. काच पांढरी झाली होती. खालच्या कडेला थेंब जमून वाट करत होते.

“तशीच!” गुरुजी कुजबुजले. “बघ, बघ, अगदी तशीच!... गेनू, तो आहे बाहेर.”

दिवसाढवळ्या माझ्या अंगावर काटा आला. माणूस घाबरला की त्याला शहाणपण सुचत नाही. मला तर ते एरवीही फारसं सुचत नाही.

पाऊल खिडकीशी थांबलं. काचेपलीकडे काहीतरी उभं होतं. नुसता एक तपकिरी डाग. हलत नव्हता.

“कोण आहे?” गुरुजी ओरडले. आवाज फाटला.



गुरुजी उठले. खिडकीशी गेले. आणि बाहेर बघण्यासाठी त्यांनी तळहाताने काच पुसली. गोल. मधोमध.

डोळा लावला.

वीतभर अंतरावर एक चेहरा होता. शालीत गुंडाळलेला, टोपीत नाक-डोळे तेवढे. तो आत बघत होता. नुसता बघत होता.

गुरुजींनी किंकाळी फोडली आणि मागे माझ्या अंगावरच आले. त्यांचं काळीज माझ्या हाताला लागत होतं, इतकं उडत होतं. मी दोन्ही हातांनी त्यांना धरलं.

“कोण... कोण तो... काय पाहिजे त्याला?”

“गुरुजी,” मी म्हणालो, “शाल तुमची हाय.”

त्यांना ऐकू गेलं नाही. मग गेलं.

त्यांनी काचेकडे पाहिलं. त्या गोलाकडे. मग स्वतःच्या तळहाताकडे. तळहात ओला होता. पाण्याचा एक थेंब मनगटावरून बाहीत शिरला.

काच आतल्या अंगाने ओली होती.

बाहेरचा चेहरा तसाच होता. तो काही करत नव्हता, तरी बघवत नव्हता. मी पुरुषमाणूस, पन्नाशीला आलेला, माझ्याबरोबर आणखी एक माणूस, बाहेर लख्ख उजेड... आणि मला वाटत होतं, हा आता जाईल तर बरं.

आणि ती एकटी. पहाटे. कितीतरी दिवस.

गुरुजी हळूच खाली बसले.

“ती आतून पुसत होती,” ते म्हणाले.

त्यांची नजर त्या गोलावरून हलेना.

“मला बघायला.”

त्यांनी दारावरच्या गोणपाटाच्या बोळ्याकडे पाहिलं.

“आधी पाऊल ऐकलं असेल... म्हणून खिडकी लावली. म्हणून ते गोणपाट.” त्यांची बोटं पुन्हा पुढे आली होती, एकेक मुद्दा मोजत. “खोली कोंडली. माझी धोतरं आत. माझा वाफारा आत. काच ओली झाली. मग मी आणखी लवकर जायला लागलो...”

खोकला आला. बराच वेळ थांबला नाही.

मग त्यांनी ती सुतळी घेतली. पाय पुढे केला. एक टोक टाचेला धरलं आणि सुतळी तळव्यावरून ओढत नेली. मी दुसरीकडे बघणार होतो, पण बघितलं. गाठ अंगठ्याच्या टोकाला बरोबर लागली.

त्यांनी पुन्हा मोजून पाहिलं. शिक्षक माणूस.

दार उघडलं. गार वारा आत आला आणि काचेवरचं पांढरं कडेकडेने विरायला लागलं. बाबांनी आधी खिडकीची कडी काढली, मग स्टोव्ह बंद केला. जणू दूध उतू जाऊ नये एवढंच त्यांना बघायचं होतं.

माझा एक संशय अजून गेलेला नाही. कुंदा त्याआधी कधीतरी तकियावर येऊन रडून गेली होती का? बाबांना मी पुढे दोन-तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी त्यांनी माझ्या कपात चहा ओतला.

“तिनं मला का नाही सांगितलं?” गुरुजींनी विचारलं. “मी घरात होतो. एक हाक मारायची... मामंजी, बाहेर कोणीतरी आहे.”

बाबा शालीची घडी घालत होते.

“टोपी तुमची वळखली आसंल?” त्यांनी उलट विचारलं.

गुरुजींच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. वर्गात छडी घेऊन उभे असायचे तेव्हाही बघवत नसे, पण ते वेगळ्या कारणाने. आज मला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी.

ओळखली असेल. नसेलही. धुक्यातला एक डाग, त्यात दोन डोळे. ओळखली नसेल तर परका पुरुष. ओळखली असेल तर त्याहून वाईट. कुणाला सांगणार होती ती? घरात सांगण्यासारखं एकच माणूस होतं.

“परवा तिनं संपतला लिहिलंय,” गुरुजी म्हणाले.

“व्हय,” मी म्हणालो. “गेलंबी ते.”

“काय लिहिलं असेल?”

 काय लिहिलं असेल ते तिघांनाही कळत होतं.

“तो मला विचारील,” गुरुजी म्हणाले. “त्याला दुसरं कोण आहे विचारायला? लिहील... आबा, परसात कोण येतं, जरा लक्ष ठेवा.”

हे म्हणताना ते रडले. हेडमास्तर रडलेले मी आयुष्यात तेवढेच पाहिले.

खाली घाटात गाडीचा हॉर्न वाजला. अजून दोन वळणं होती. मी पिशवी उचलली.

गुरुजींनी पाकिटातून दोन्ही पानं ओढली. दुसरं पान आधी फाडलं. निर्णयाचं. चार तुकडे, आठ तुकडे, मग हातात मावेनात एवढे. ओल्या हाताने त्यांची शाई पसरली होती, बोटं निळी झाली होती.

मग पहिलं पान घेतलं, तेही मधोमध धरलं.

बाबांनी त्यांचं मनगट पकडलं.

“ते नगा फाडू.”

“का? आता काय राहिलंय त्यात?”

बाबांनी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. माकडटोपी मात्र स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतली. गुरुजींच्या खिशाचं पेन काढलं, त्यांच्या हातात दिलं.

“त्यात लिवलंय ते समदं खरं हाय, गुरुजी... नाव तेवढं ऱ्हायलंय.”